शोधलं म्हणून सापडलं

बालवाडीच्या भिंतीपाशी खरंच गॅसचा वास येतो, की मीच घाबरट आहे, या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही. नवी गॅसवाहिनी त्या भिंतीखालून आमच्या इमारतीकडे येते, आणि भिंतीला लागूनच मुलांच्या खिचडीची शेगडी पेटते.

सकाळी गॅस कंपनीचे दिघावकर साहेब बालवाडीच्या अंगणात पालकांना नव्या वाहिनीचे फायदे समजवायला आले. लेकीला, उर्वीला, कडेवर घेऊन मी वासाचं सांगितलं.

"ताई, आमच्या नोंदीत इथे गळती शून्य आहे," म्हणत त्यांनी जगाचा नकाशा उघडला. रशिया, इराण, कतार. "वीस वर्षांत गॅसचे साठे किती वाढलेत बघा."

"जमिनीतला गॅस वाढतो कसा हो?"

ते हसले. "वाढत नाही, ताई. तो असतोच खाली. शोधला नव्हता तोवर आकड्यात नव्हता. शोधला, आकडा वाढला."

"मग गळतीही शोधा की," मी म्हटलं, "तुमचं शून्यही वाढेल."

मागून कुणीतरी हसलं. मला खोटं पाडायलाच साहेबांनी गळती तपासणाऱ्या माणसाला बोलावलं. भिंतीपाशी नेताच त्याचं यंत्र किंचाळू लागलं. आत बालवाडीच्या मावशी शेगडीसाठी काडेपेटी शोधत होत्या. नकाशा तिथेच टाकून साहेबांनी स्वतः दोन मुलं काखोटीला मारली आणि ते मैदानाकडे पळाले.

घरी येताना मी उर्वीला म्हटलं, "शोधलं म्हणून सापडलं गं."

ती दारातच थांबली.

"आई, आपल्या घरात नको शोधूस."