सगळ्यांच्या माना खाली

फार जुनी गोष्ट. माळावरच्या मेंढ्या भर उन्हात सावलीसाठी एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभ्या राहत. त्यांच्यातल्या तांबूला मात्र धडकी भरे. सगळ्यांचीच डोकी खाली, मग लांडगा दिसणार कोणाला? ती मान वर काढून उन्हात उभी राही. सकाळी एकटीच टेकडी चढून पळण्यासाठी पाय तयार करी.

“अगं, आजवर काही झालंय का? उगाच जिवाला घोर लावून घेतेस,” थोरली मेंढी म्हणे.

एका दुपारी झुडूप हललं.

“लांडगा! टेकडीपलीकडे धनगराची कुत्री आहेत, पळा!” तांबू ओरडली. धापा टाकत सगळ्या तिच्यामागे कशाबशा पोचल्या. थोरली पोचली नाही.

दुसऱ्या दुपारी मेंढ्यांनी पुन्हा माना खाली घातल्या, या वेळी तांबूच्या पोटाखाली, तिच्याच भरवशावर. तांबूला कालच्याहून जास्त भीती वाटली.