वैद्यबुवांची पिवळी मासोळी

एका नदीकाठच्या गावात एक वैद्यबुवा राहत. जखम भरून आणण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. घाव कुऱ्हाडीचा असो की बैलाच्या शिंगाचा, बुवांचा हिरवा लेप लागला की कातडी सांधली म्हणून समजा. घाव झाला कसा, हे मात्र ते कधी विचारत नसत. ती चौकशी गावाने करावी, आपलं काम भरून आणण्याचं, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगत आणि लोकही माना डोलावत.

एकदा एका दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या पायाची चिघळलेली जखम त्यांनी बरी केली. त्याने खूश होऊन काचेचा एक मोठा हौद भेट दिला आणि त्यात दूरदेशीच्या सरोवरातले सिक्लिड जातीचे मासे. दिसायला देखणे, पण स्वभावाने पक्के भांडखोर. त्यांतल्या एका निळ्याने हौदातल्या दगडांची कपार आल्याआल्याच बळकावली. ओसरीवर पाहुणा दिसला की तो पर फुलवून काचेशी येई. लोक त्याचं कौतुक करत आणि मान मात्र बुवांची ताठ होई.

त्याच हौदात एक पिवळी मासोळी होती. तिचे पर सारखे फाटलेले दिसत. शेपटीच्या चिंध्या झालेल्या, पाठीवरचा पर कुरतडलेला, आणि ती वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी. बुवा तिला अलगद काढून वेगळ्या भांड्यात ठेवत, रोज निवळलेलं पाणी घालत, त्यात बेताचं मीठ टाकत. हळूहळू फाटक्या कडेला नवी, पारदर्शक झालर फुटे. ती भरून आली की बुवा मासोळीला पुन्हा हौदात सोडत, हात धूत आणि जेवायला बसत. पुढे काय होतं ते पाहायला कधी थांबत नसत. बायको एकदा म्हणालीदेखील, की त्या निळ्यालाच बाहेर काढा. पण त्याच्यामुळेच तर हौदाला शोभा होती. पिवळीची कातडीच नाजूक, असं निदान करून बुवा मोकळे झाले.

बुवांची एकुलती एक मुलगी नदीपलीकडच्या गावात दिली होती. घर तालेवार होतं. जावई रुबाबदार आणि जिभेवर साखर; तो आला की सगळी आळी ओसरीवर गोळा होई. मुलगी सणावाराला माहेरी येई तेव्हा तिच्या दंडावर, पाठीवर वळ असत. कधी रहाटाचा दांडा लागला म्हणे, कधी जिन्यावरून पाय घसरला म्हणे. बुवा लेप लावत. आई डोळ्यांना पदर लावून काही विचारू लागली, की ते तिला गप्प करत. व्रण मावळले की ओटी भरायची आणि मुलीला नांदायला परत पाठवायचं, असा रिवाजच पडून गेला होता.

बुवांना कळत नव्हतं म्हणावं, तर तो त्यांच्या विद्येचा अपमान होईल. दांड्याचा वळ आणि मुठीचा वळ यांतला फरक ज्याला कळत नाही, तो कसला वैद्य? पण कळून घेतलं असतं तर मुलगी घरी ठेवावी लागली असती, आणि लोक काय म्हणतील यावरचं औषध त्यांच्या बटव्यात नव्हतं.

अशाच एका सणानंतर जावई मुलीला न्यायला आला. पुरणपोळीचं जेवण झालं. दारात गाडी जुंपून उभी राहिली, आत ओटीची तयारी सुरू झाली, ओसरीवर शेजारीपाजारी गप्पांत रंगले. कोणीतरी माशांचा विषय काढला, आणि बुवांना तेवढंच हवं होतं. पिवळी नुकतीच बरी झाली होती. तिची नवी शेपटी सगळ्यांना दाखवून त्यांनी तिला चारचौघांसमक्ष हौदात सोडलं.

ती पाण्यात पडली मात्र, निळा कपारीतून सुटला. त्याने तिची शेपटी तोंडात धरली आणि जोरात हिसडा दिला. इतक्या निगुतीने वाढवलेली झालर एका क्षणात फाटली. ती वर पळाली, काचेवर आपटली. त्याने तिला कोपऱ्यात गाठलं आणि तो पुन्हा पुन्हा तुटून पडला. बाकीचे मासे दगडांआड लपले होते. बुवांच्या हातातलं जाळं हातातच राहिलं. फाटलेले पर त्यांनी कितीदा तरी पाहिले होते, पण ते फाटताना कधी पाहिले नव्हते.

जावई तेवढा हसला.

"त्यात काय एवढं, मामा," तो म्हणाला. "एकदा जरब बसली की गपगुमान राहते."

बुवांनी चमकून मुलीकडे पाहिलं. ती ओटी भरून घ्यायला पाटावर बसायला आली होती. आता ती भिंतीला चिकटून उभी होती आणि तिचे दोन्ही हात वार चुकवायला वर जावेत तसे डोक्यावर गेले होते. तिच्यावर कोणी हात उगारला नव्हता. नवऱ्याचं ते हसणं कानावर पडलं होतं, बस्स.

बुवांनी कसंबसं जाळं घालून पिवळीला बाहेर काढलं. तळहातावर तिचा कल्ला एकदा हलला आणि थांबला. बायकोने सवयीने मिठाच्या पाण्याचं भांडं पुढे केलं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

एवढ्यात मुलगी सावरली. तिने पदर नीट केला, लोकांकडे पाहून ती थोडीशी हसलीसुद्धा, आणि म्हणाली, "आप्पा, निघायला हवं. उशीर झाला तर हे रागावतात."

बुवांनी मेलेली मासोळी खाली ठेवली. मग हौदात जाळं घालून त्यांनी त्या देखण्या निळ्याला उचललं आणि मिठाच्या पाण्याच्या त्या भांड्यात एकट्याला सोडलं. हात पुसून ते जावयासमोर उभे राहिले.

"जावईबापू, गाडी जुंपलेली आहे. तुम्ही निघा. मुलगी येणार नाही."

जावयाच्या तोंडावरचं हसू मावळलं. नांदती लेक घरात ठेवून घेतली तर गाव तोंडात शेण घालील, असं त्याने बजावून पाहिलं.

"घालू दे," बुवा म्हणाले. "मला ते शोभेलच. मी हिला बरी करून पुन्हा मार खायला पाठवत होतो."

शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या. जावई दाणदाण पावलं टाकत उतरला आणि रिकामी गाडी नदीच्या वाटेला लागली. ती दिसेनाशी झाली तरी मुलगी भिंतीपासून हलेना. शेवटी आईने जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती दचकली आणि हळूच विचारू लागली,

"आई, अंगावरचं बरं झालं की आप्पा पुन्हा पाठवतील का गं?"

ते ऐकून बुवा मटकन खाली बसले. मासोळी हातावर मेली तेव्हाही त्यांना एवढा धक्का बसला नव्हता.

तात्पर्य काय, तर मारणाऱ्याला मोकळा ठेवून मार खाणाऱ्याची जखम भरत बसणं ही दया नव्हे. ती त्याच्या पुढच्या वाराची तयारी असते.