तंतोतंत पंचवीस

चौगुलेसाहेबांना कारखान्यात प्रत्येकाचाच संशय. लेथवरचे दस्तगीरमामा घडीघडी मशीन थांबवून जॉब, म्हणजे कापायला लावलेला लोखंडी तुकडा, मोजायचे, तर साहेबांना तो कामचुकारपणा वाटे. शेवटी त्यांनी लेथला डिजिटल डिस्प्ले बसवला आणि मामांचा जाडी मोजायचा मायक्रोमीटर कपाटात घालून कुलूप लावलं.

"आता माप हा सांगेल. माणूस खोटं बोलतो, हा नाही. पटत नसेल तर घरी बसा."

"साहेब, त्याला फक्त कापणारं हत्यार कुठवर आलं तेवढंच कळतं."

"तुमच्यापेक्षा जास्तच कळतं! पंचवीस मिलिमीटर आणून दाखवा."

मामांनी लेथचं चाक फिरवलं. साहेबांची नजर आकड्यांवरच.

"बघा! तंतोतंत पंचवीस!"

"हो, पण जॉब मी मघाशीच काढून ठेवलाय. आता ही पंचवीस मिलिमीटरची हवा खोक्यात भरून गिऱ्हाईकाला धाडू, का कपाटाची किल्ली देताय?"