दुर्बिणीचं झाकण आणि एवढीशी कोळीण

टेकडीवर एक गोल घर.
गोल घरात एक मोठी दुर्बीण.
दुर्बिणीतून चंद्र दिसे. चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसत.
आणि दुर्बिणीच्या तोंडाशी राही एक कोळीण.

कोळीण एवढीशी. मसुराच्या डाळीएवढी.
तिला पाय आठ. डोळेही आठ!
ती जाळं विणत नसे. ती उड्या मारी.
टुण् टुण् टुण्!

पावसाळाभर आभाळात ढग. दुर्बिणीला सुट्टी.
दुर्बिणीचं झाकण जरा तिरकं बसलं होतं. त्याला होती एक फट.
फटीतून कोळीण आत जाई. फटीतून कोळीण बाहेर येई.
आत झाकणाला तिनं चिकटवली होती रेशमाची पांढरी पुरचुंडी.
पुरचुंडीत काय? अंडी!
आता पावसाळा सरला होता. आज अंड्यांतून पिल्लं निघणार होती.

कोळणीला लागली तहान. ती गेली खिडकीशी. थेंबभर पाणी प्यायली.
तेवढ्यात आले दिगूकाका. दुर्बिणीची काळजी घेणारे दिगूकाका.
"अरेच्चा! झाकण तिरकं!"
त्यांनी झाकण दाबलं. खट्ट!
फट गेली.
पिल्लं आत. कोळीण बाहेर.

टुण् टुण् टुण्! कोळीण गेली झाकणाकडे.
"झाकणा झाकणा, निघ ना रे!
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
झाकण म्हणालं, "मी कसं निघू? मला का हात आहेत? दिगूकाका काढतील, तेव्हा मी निघेन."

टुण् टुण् टुण्! कोळीण गेली दिगूकाकांकडे.
काका चहात पाव बुडवत होते.
"काका काका, झाकण काढा ना!
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
काकांनी पाव खाली ठेवला.
"अरे अरे! माझ्याकडून असं झालं होय? पण बाई गं, आत्ता नाही काढता येत. घुमट उघडला की वरून कचरा पडतो. काचेवर पडला तर ओरखडे उठतात. म्हणून आधी घुमट, मग झाकण. घुमट उघडेल, तेव्हा मी झाकण काढेन."

घुमट म्हणजे गोल घराचं गोल छप्पर.
टुण् टुण् टुण्! कोळीण चढली भिंतीवरून वर.
"घुमटा घुमटा, उघड ना रे!
काका काढेनात,
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
घुमट घुमला. "कोण बोलतंय? मोठ्यानं बोल! घूंऽऽ!"
कोळणीनं पुन्हा सांगितलं.
घुमट म्हणाला, "हां हां, आलं ऐकू. पण मी आहे जड. हत्तीहून जड! मोटर ओढेल, तेव्हा मी उघडेन."

टुण् टुण् टुण्! कोळीण उतरली मोटरीकडे.
"मोटरबाई मोटरबाई, ओढ ना गं!
घुमट उघडेना,
काका काढेनात,
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
मोटर म्हणाली, "मी काय हौसेनं बसलेय? वीजच नाही! ही तार बघ. ही जाते खाली ओढ्यावर. तिथं एक चाक आहे. चाक फिरतं, वीज होते, तारेतून माझ्याकडे येते. चाक फिरेल, तेव्हा मी ओढेन."

तार लांबच लांब. टेकडीच्या खालपर्यंत.
टुण् टुण् टुण्! कोळीण निघाली तारेवरून.
वारा आला. सूंऽऽ! कोळीण घसरली!
पण पडली नाही. उडी मारताना ती मागं धागा चिकटवते ना! धाग्याला लोंबकळली. झोका घेतला. पुन्हा वर चढली.
टुण् टुण् टुण्! आली चाकाकडे.
"चाका चाका, फिर ना रे!
मोटर ओढेना,
घुमट उघडेना,
काका काढेनात,
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
चाक कुरकुरलं. "पावसाळाभर बसून अंग आखडलं माझं. मलाही फिरायचंय गं. पण ढकलणार कोण? तू? फुंकर घातली तर उडशील! पाणी वाहेल, तेव्हा मी फिरेन."

टुण् टुण् टुण्! कोळीण गेली पाण्याकडे.
पाणी फळीमागं अडलं होतं. काठोकाठ भरलं होतं.
"पाण्या पाण्या, वाह ना रे!
चाक फिरेना,
मोटर ओढेना,
घुमट उघडेना,
काका काढेनात,
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
पाणी म्हणालं, "डुबुक! मी तर केव्हाचं तयार! पण ही फळी दिसते ना? ती मैनाताई उचलते. मैनाताई उठेल, फळी उचलेल, तेव्हा मी वाहेन."

टुण् टुण् टुण्! कोळीण गेली मैनाताईच्या घरात.
मैनाताई झोळीशी बसली होती. झोळीत तिची छबू होती. छबू रडत होती. टँऽऽ टँऽऽ!
"ताई ताई, ऊठ ना गं!
पाणी वाहेना,
चाक फिरेना,
मोटर ओढेना,
घुमट उघडेना,
काका काढेनात,
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
मैनाताई म्हणाली, "अगं माझी बाई! तुझी पिल्लं आत? मग तुझा जीव कसा होत असेल! पण माझं पिल्लूही बघ. रडून रडून लाल झालंय. हिला टाकून कशी येऊ? छबू झोपेल, तेव्हा मी उठेन."

टुण् टुण् टुण्! कोळीण चढली झोळीवर.
"छबू छबू, झोप ना गं!
ताई उठेना,
पाणी वाहेना,
चाक फिरेना,
मोटर ओढेना,
घुमट उघडेना,
काका काढेनात,
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
छबूला बोलता येत नव्हतं. तिनं नाकाकडे बोट केलं. "टँऽऽ!"
नाकावर होता लाल लाल ठिपका.
कुणी केला? झोळीवर कोण गात होतं? गुंऽऽ गुंऽऽ गुंऽऽ!
डास!

कोळीण म्हणाली,
"डासा डासा, जा ना रे!
छबू झोपेना,
ताई उठेना,
पाणी वाहेना,
चाक फिरेना,
मोटर ओढेना,
घुमट उघडेना,
काका काढेनात,
झाकण निघेना,
पिल्लं आत अन् मी बाहेर!"
डास हसला. "गुंऽऽ! मी कशाला जाऊ? इथं छान आहे. मऊ मऊ नाक! गोड गोड छबू! तू एवढीशी. तू काय करणार मला?"

कोळीण दबकत पुढं सरकली.
तिनं आठही डोळे डासावर लावले.
झोळीला धागा चिकटवला.
पाय आवळले.
एक... दोन...
टुण्! झप्!
डास गट्ट!

मग काय!
डास गेला, गुंगुं थांबली.
छबू झोपली. घुर्र घुर्र.
ताई उठली. कोळणीला म्हणाली, "शहाणी गं माझी!" आणि धावत गेली. फळी उचलली. घर्रर्र!
पाणी वाहिलं. खळ्ळ खळ्ळ!
चाक फिरलं. गरगर गरगर!
तारेत वीज आली. सुर्रर्र!
वीज पुढं, कोळीण मागं. टुण् टुण् टुण्! टुण् टुण् टुण्!
विजेला कोण गाठणार? कोळीण पहिल्या खांबावर, तर वीज केव्हाच टेकडीवर!
मोटरीनं ओढलं. हूंऽऽ!
घुमट उघडला. करकरऽऽ! वरून कचरा पडला. पानं पडली. एक पीस पडलं.
आभाळ दिसलं. चंद्र दिसला.
आणि काकांनी झाकण काढलं. फट्ट!

काकांच्या एका हातात झाकण. दुसऱ्या हातात फडकं.
झाकण काढलं की पुसायचं. ही काकांची सवय.
"पिल्लं तर दिसत नाहीत. हा कापसाचा गोळा कुठला? पुसून टाकू."
फडकं जवळ आलं. आणखी जवळ आलं.

टुण् टुण् टुण्! टुण्!
कोळीण आली! दमली होती. धापा टाकत होती.
मारली उडी. बसली पुरचुंडीवर. आठही पाय पसरले.
"काका काका, पुसू नका!
माझी पिल्लं यात आहेत!"

काकांचा हात थांबला.
"अरे देवा! हीच का ती पिल्लांची पुरचुंडी! बरं झालं आलीस!"
त्यांनी फडकं खिशात कोंबलं. झाकण खिडकीत ठेवलं. अगदी हळू.
मग कान जवळ नेला. मग डोळा जवळ नेला.
पुरचुंडी हलली.
पुक्! एक छोटंसं भोक पडलं.
भोकातून आला एक पाय. मग आले आठ डोळे.
एक पिल्लू आलं! राईएवढं!
मग दुसरं. मग तिसरं. मग आली रांगच! कोळीण गाऊ लागली:

डास गेला,
छबू झोपली,
ताई उठली,
पाणी वाहिलं,
चाक फिरलं,
मोटरीनं ओढलं,
घुमट उघडला,
काकांनी काढलं,
झाकण निघालं,
पिल्लं बाहेर अन् मीही बाहेर!

बाहेर गावातली पोरं रांगेत उभी होती. चंद्र बघायला आली होती.
"काका, आम्हाला चंद्र दाखवा!"
"दाखवतो रे, दाखवतो. चंद्र कुठं पळतोय? आधी इकडं या. ढकलाढकली नको. आणि फुंकर मारू नका!"
पोरं खिडकीशी आली. गुडघ्यावर बसली.
सगळ्यात धाकटं पिल्लू झाकणाच्या काठावर आलं.
त्यानं खाली पाहिलं. खाली खोल खोल!
त्यानं काठाला धागा चिकटवला.
पाय आवळले.
टुण्!
पहिलीच उडी! पडलं नाही. धाग्याला लोंबकळलं, झोका घेतला, वर चढलं.

"काका," एक मुलगी म्हणाली, "ते तर आत्ताच जन्मलं. त्याला उडी कुणी शिकवली?"
काका डोकं खाजवू लागले.
"चंद्रावरचे खड्डे विचार. पटापट सांगतो. पण हे? हे मला नाही बुवा माहीत."
"मग कुणाला माहीत?"
"शोधायला हवं," काका म्हणाले.
मुलगी कोळणीकडे बघत राहिली.
कोळणीला कुठं सवड! ती पिल्लं गोळा करत होती.