हजार पोपट आणि अठरावी पायरी

ही कथा निदान तीन रूपांत सांगितली जाते. एका रूपात पोपटांच्या जागी साळुंक्या आहेत. दुसऱ्यात तळ्याऐवजी विहीर आहे आणि शेवटी ती कोरडी पडते. येथे घेतलेला पाठ तिसरा. त्याचे वेगळेपण असे की, त्यात एका साध्या माणसाला एक साधा प्रश्न पडतो.

खूप जुन्या काळी, लिहून ठेवण्यापेक्षा पढवून ठेवणे लोकांना सोपे वाटत असे तेव्हा, एका राजाने पोपटांचे दालन बांधले. जे आठवणीत राहावे असे वाटे, ते एखाद्या पोपटाला पढवायचे आणि हवे तेव्हा विचारायचे. होता होता पोपट हजार झाले. इतक्या पाखरांच्या उबेने दालन तापे, आणि तापलेला पोपट पढवलेले विसरे. म्हणून खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. ते दिवसभर ओले राहावेत यासाठी चाळीस पाणके कावडींनी तळ्याचे पाणी आणू लागले.

तळ्याला तीस पायऱ्या होत्या. डोंगरातला झरा त्यात रोज थोडे पाणी भरी. दालन त्याहून अधिक उपसे. तळ्याकाठी गाव होते, आणि त्यातच एका पाणक्याचे घर. वरून बावीस पायऱ्या उघड्या पडल्या, त्या दिवशी त्याच्या बायकोने भांडी बोचक्यात बांधली.

"अहो, पोपटांचे पडदे भिजवता भिजवता गाव उठवाल तुम्ही," ती म्हणाली. "विचारतात तरी काय एवढं त्या पाखरांना?"

वीस वर्षे पाणक्या पडदे भिजवत होता. ऐकले मात्र कधी नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो कमरेला चिंचोक्यांची पिशवी बांधून गेला. ज्या पोपटाला कुणी काही विचारी, त्याच्या पिंजऱ्याखाली तो एक चिंचोका ठेवी. पंधरा दिवसांनी पाहिले, तर चिंचोके अवघ्या ऐंशी पिंजऱ्यांखाली होते. तीनशे पोपटांना एकाच मेजवानीचे वर्णन पाठ होते, कारण प्रत्येक सरदाराला स्वतःचा पोपट हवा होता. दोनशे पोपट राजाची बिरुदे जपून होते. ती कुणीच विचारली नव्हती.

"मग बाकीचे जागे कशाला?" त्याने दालनाच्या कारभाऱ्याला विचारले.

"झोपलेला पोपट उठायला चार पळं लागतात," कारभारी म्हणाला. "सरदार तेवढा वेळ थांबतील होय? खुळाच आहेस!"

पाणक्याने पिंजऱ्यांखालचे चिंचोके पिशवीत भरले, ती राजापुढे रिती केली आणि सारे सांगितले. राजाला नवल वाटले. नऊशे वीस पोपट आमराईच्या सावलीत झोपायला गेले. गरज पडली तरच उठवायचे, असे ठरले. पाण्याचा उपसा पाचव्या हिश्श्यावर आला.

पण दालनात पिंजरे रिकामे दिसू लागले. "महाराज, जागा आहे, पाणी आहे," कारभारी म्हणाला. "प्रजेलाही पोपट देऊ या." तीन महिन्यांत दालन पुन्हा भरले. आता उन्हात उभी असलेली माणसेही पोपटाला विचारू लागली, "आज ऊन आहे का रे?" उघड्या पायऱ्या सव्वीस झाल्या.

पाणक्या चक्रावला. तो दालनातल्या सर्वांत म्हाताऱ्या पोपटाकडे गेला.

"राघोबा, एवढं पाणी वाचवलं, ते गेलं कुठं?"

"मी पढवलेलं सांगणारा," पोपट म्हणाला. "हे मला कुणी पढवलेलं नाही. पण बाबा, आमच्या पिंजऱ्याला दार आहे. तुझ्या तळ्याला दार कुठं आहे?"

पाणक्या धावतच राजाकडे गेला आणि त्याला तळ्यावर घेऊन आला. राजा एकेक कोरडी पायरी उतरला. सव्विसावीवर त्याला धाप लागली, तेव्हा कुठे पाण्याला हात पोचला. वर येताना तो अठराव्या पायरीवर थांबला आणि तिथे रेघ कोरायला सांगितली. पाणी या रेघेखाली असेतो ऐंशीच पोपट जागे राहतील. आणि पाणी वर आले, तरी नवा पोपट आणायचा तर जुना एक सोडायचा.

"आणि महाराजांच्या बिरुदांचे दोनशे?" कारभाऱ्याने चाचरत विचारले.

"ते आधी सोड. माझी बिरुदं मला पाठ आहेत," राजा म्हणाला. मग पाण्याकडे पाहत त्याने या कथेचे तात्पर्यही सांगून टाकले: "हद्द आधी आखली, तरच वाचवलेलं पाणी तळ्यात राहतं."

दोनशे पोपट बिरुदे ओरडत रानाकडे उडाले. लोक उन्हात उभे राहून आपल्या डोळ्यांनी ऊन पाहू लागले.

पुढच्या वर्षी अठरावी पायरी पाण्याखाली गेली. पाणक्याच्या बायकोने बोचके सोडले आणि भांडी फळीवर मांडली.