बंधाऱ्याचं टोक

“पण तात्यानू, बंधारो खयपर्यंत न्हेवचो, ता तरी सांगा.”

विचारणारा वासू कुबल, गावचा सरपंच. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो जानूतात्या तांडेलांच्या हाताखाली रापण ओढायला शिकला होता. रापण म्हणजे अख्ख्या वाडीनं वाळूवर उभं राहून समुद्रातून ओढून घ्यायचं जाळं. आता उभं राहायला वाळूच उरली नव्हती. जाळं किनाऱ्यावरच्या खोपीत पडून होतं आणि तात्या दिवसभर त्याच्यावर बसून असत.

सहा वर्षांपूर्वी वासूनं खटपट करून गावासमोर काळ्या दगडांचा बंधारा आणला. घरं वाचली. त्याचे सत्कार झाले आणि, खरं सांगायचं तर, त्यांची थोडी हवा त्याच्या डोक्यातही गेली. दगडांपुढची वाळू दोन पावसाळ्यांत नाहीशी झाली, त्याबद्दल सत्कारात कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग समुद्र बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालून शेजारच्या कवळेवाडीत शिरला. तिथल्या पहिल्याच घरात वासूची लेक उर्मिला दिलेली. तिचे सात माड गेले, विहीर खारी झाली. गेल्या उधाणाला पाणी ओटीवर आलं.

बंधारा पुढं वाढवायची मंजुरी वासूच्या खिशात होती. तात्यांनी एकदा हो म्हटलं, की दोन्ही गावांत कोणी आडवं येणार नव्हतं. पण तात्या हो म्हणेनात.

शेवटी ते उठले. कोपऱ्यातली एक लाकडी खुंटी त्यांनी वासूच्या हातात दिली.

“जंय बंधारो संपवचो, थंय ठोकून ये.”

एवढंच ना, असं मनाशी म्हणत वासू निघाला.

उर्मिला अंगणात पोत्यांत वाळू भरत होती. त्यानं लांबूनच हात केला. तिचं कुंपण संपलं तिथं तो खाली वाकला आणि खुंटी टेकवून दगड शोधू लागला.

पलीकडच्या घरातली म्हातारी सुकटं वाळवत होती. भागिरथी तिचं नाव. ही खुंटी कशाला, असं तिनं विचारलं. होडी बांधायला, असं वासूनं सांगून टाकलं.

“मगे थंय नको रे बाबा. थंय दर्या खणता. माझ्या खळ्यात ठोक.”

आपल्या अंगणाकडं बोट दाखवून ती स्वतःच आत गेली आणि ठोकायला दगड घेऊन आली.

वासू तो दगड हातात धरून उभा राहिला. सहा वर्षांपूर्वीही त्यानं अशीच एक खुंटी ठोकली होती. पलीकडे कुणाचं घर आहे, हे तेव्हा त्यानं विचारलंही नव्हतं. उर्मिलेचं लग्न त्यानंतरचं.

त्याला स्वतःची लाज वाटली. दगड म्हातारीच्या पायरीवर ठेवून तो पुढं चालू लागला. आणखी एक घर आलं, मग आणखी एक. तिन्हीसांजेला तो परतला तेव्हा खुंटी त्याच्या हातातच होती.

“ठोकलस?”

“नाय.”

“कित्या?”

“फुडे घर आसा.”

“आणि त्येच्या फुडे?”

“…थंय पण.”

तात्यांनी खुंटी त्याच्याकडून काढून घेतली. बाहेर लाटा दगडांवर आपटत होत्या, आणि खोपीच्या कुडाच्या भिंतीतून पाणी आत उडत होतं. तात्यांनी जाळं थोडं मागं सरकवलं. ते याआधीही बऱ्याचदा सरकवलेलं दिसत होतं.

वासूनं डोळे पुसून लेकीच्या घराच्या दिशेनं बघत विचारलं.

“मगे माझ्या चेडवाचा काय, तात्यानू?”

“बंधाऱ्याच्या आड तुझी जागा कितकी आसा?”

“रगड आसा.”

“मगे तिचा बिऱ्हाड थंय घेवन ये,” तात्या म्हणाले. “दोन चुली मांड.”