दोऱ्यानं बांधलेलं भिंग

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं, तेही प्रश्नानंच.

“पण चाचा, या भिंगाची कडी फिरवायची तरी कुठवर?”

विचारणारी तृप्ती कोष्टी. लग्नाबारशाचे फोटो काढते. कडेवर तेरा महिन्यांची जुई, गळ्यात नवा मिररलेस कॅमेरा, आणि कपाळावर आठ्या.

ज्यांना विचारलं ते कासीमचाचा. चाळीस वर्षं त्यांनी फोटोचा स्टुडिओ चालवला. आता गावाबाहेरच्या दर्ग्याचं आवार झाडतात. तेव्हाही हातात झाडूच होता.

“थांबायचं असेल तिथवर,” चाचा म्हणाले, आणि झाडत राहिले.

तृप्तीचा जीव टांगणीला लागला होता. आदल्या दिवशी स्कूटरवरून उतरताना तिची लेन्स पडली. तेव्हापासून आत कर्रकर्र वाजायचं, आणि चित्र काही केल्या स्पष्ट होईना. दुरुस्तीला पाठवायची तर पंधरा दिवस जाणार. आणि बारसं उद्यावर आलेलं.

तीन वर्षं ती दुसऱ्याच्या हाताखाली फोटो काढत होती. हे बारसं तिचं स्वतःचं पहिलं काम. ते बिघडलं, तर ‘बाईला कुणी दिलं हे काम?’ म्हणायला चार तोंडं आधीच उघडून बसली होती.

चाचांकडं त्यांचं जुनं भिंग होतं. पितळी अंगाचं, हातात घेतलं की वजन कळणारं, पाण्यासारख्या नितळ काचेचं. त्यात झूम नाही, मोटार नाही. आपल्या हातानं कडी फिरवायची, मग समोरचं स्पष्ट दिसायचं. नव्या कॅमेऱ्यावर ते बसावं म्हणून मधे लावायचा अडॅप्टरही चाचांनी हौसेनं आणून ठेवला होता. तो लावून भिंग आता तृप्तीच्या कॅमेऱ्यावर बसवलं होतं.

“नेणार तर ने,” चाचा म्हणाले. “पण आधी या पोरीचा एक फोटो काढून दाखव. पापणीचे केस मोजता आले पाहिजेत.”

“एवढंच?” तृप्ती हसली. “तुमच्या वेळेचा कॅमेरा नाही हा, चाचा. भिंगानं डोळा धरला, की हा आपण होऊन सांगतो.”

“आणि तू काय धरतेस?”

“मी जुईला धरते.”

“मग फोटो कोण काढतं?”

तृप्तीनं जुईला कडुनिंबाच्या पारापाशी खाली ठेवलं, आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि मग जी धावाधाव सुरू झाली, ती काही विचारू नका.

जुई रांगत निघाली. दर्ग्यातलं एक काळं करडू तिथंच उड्या मारत होतं, तिला ते पाहिजे होतं. तृप्ती वाकून मागं. कडी डावीकडं फिरवली तर जुई उजवीकडं. कडी उजवीकडं फिरवली तर जुई पाराच्या आड.

“जुई, दगडाला हात नको!”

“जुई, तोंडात नको घालू!”

“जुई, ते शिंग मारेल गं…”

“त्याला अजून शिंगं यायचीत,” चाचा लांबूनच म्हणाले.

अर्ध्या तासानं तृप्ती घामाघूम होऊन चाचांसमोर आली. जुईला बगलेत मारलेलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिनं एकेक फोटो दाखवायला घेतला.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

“हा कान छान आलाय.”

“आणि हा?”

“हा करडाचा फोटो आहे. सुरेख आहे.”

“बरं, हा तरी?”

“हा पायरीचा.” चाचांनी मान डोलावली. “पायरीला दाखव, खूष होईल.”

तृप्तीला हसूही आलं आणि रडूही. “पण चाचा, सगळं लाल दिसलं होतं! जे स्पष्ट होतं त्याच्या काठाला कॅमेरा लाल रंग दाखवतो. जुईच्या डोळ्याला लाल दिसल्यावरच मी बटण दाबलं.”

“शेजारीण म्हणाली पोर जेवली, तर तू पोरीचं पोट बघत नाहीस?”

“बघते की.”

“मग तो लाल रंग शेजारीण आहे.”

तृप्तीनं पडद्यावरचा फोटो मोठा करून बघितला. पापणी पुसट होती, गालावरची लव मात्र लख्ख. दोन बोटांचं अंतर चुकलं होतं. जुई आलेल्या प्रत्येक फोटोत तेवढंच. दोन बोटं.

“तुमचं भिंगच म्हातारं झालंय,” ती फणकारली. “हे काही पळत्या पोरांसाठी नाही.”

चाचांनी झाडू पाराला टेकवून ठेवला.

खिशातून दोऱ्याची एक गुंडी काढली. लाल-पिवळा दोरा, लोक नवस बोलून दर्ग्याच्या जाळीला बांधतात तो. त्यांनी कॅमेरा मागून घेतला. पारापासून चार पावलं मोजली. तिथं आपला एक तळहात समोर लांब धरला, तो स्पष्ट दिसेपर्यंत भिंगाची कडी हळूच फिरवली, थांबवली, आणि तिच्यावरून दोरा गुंडाळून कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला करकचून गाठ मारली.

“नवस कसला, चाचा?”

“गाठ मारताना बोलू नये.”

दुसरी गाठही मारली.

“हं. आता काढ.”

तृप्तीनं कडी फिरवून बघितली. जागची हलेना.

“ही फिरतच नाही!”

“नाही ना.”

“मग स्पष्ट कसं करू?”

“तू हल की.”

“म्हणजे पुढं-मागं?”

“तसूभर.”

“आणि जुई लांब गेली तर?”

“जाऊ दे.”

“पडली तर?”

“खाली माती आहे.”

“चाचा, तुम्हाला काय जातंय म्हणायला!”

“काही जात नाही,” चाचा म्हणाले. “बस खाली.”

ती बसली. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकली. एक हात भिंगाखाली, एक हात बटणावर. जुईला धरायला तिसरा हात देवानं दिला नव्हता.

जुई सुटली.

भिंगातून तृप्तीला नुसता पिवळ्या फ्रॉकचा एक डाग दिसत होता. डाग लहान झाला. आणखी लहान झाला. ती अर्धवट उठली…

मागून चाचा खाकरले.

ती बसली.

तिचा अंगठा सवयीनं कडी फिरवायला गेला. दोरा बोटाला लागला. अंगठा मागं आला.

पिवळा डाग पारापाशी थांबला. मग उंच झाला. म्हणजे जुई पाराला धरून उभी राहिली असणार. करडू तिच्या बाजूनं टणकन उडी मारून निघून गेलं. डाग इकडं वळला. आई कुठं आहे ते शोधत होता बहुतेक.

“आं?” जुई म्हणाली.

तृप्तीच्या ओठावर आलं होतं, ‘थांब, पडशील.’ ते तिनं गिळलं.

डाग पारापासून सुटला.

डुलला.

थोडा मोठा झाला. पुन्हा डुलला. त्यात दोन काळे ठिपके उमटले. ठिपक्यांचे डोळे झाले. भुवया आल्या. नाक आलं, नाकावर चिकटलेली माती आली. तृप्तीनं श्वास रोखला आणि कमरेतून जरा, अगदी तसूभर, मागं झुकली…

पापण्या.

तिनं बटण दाबलं.

पुढच्या क्षणी जुई धपकन भिंगावर येऊन आदळली, आणि चाळीस वर्षं जपलेल्या त्या काचेवर लाळेचा मोठा शिक्का बसला.

“चाचा!” तृप्ती किंचाळलीच. “चाचा, जुई चालली! एकटी चालली! बघितलं का तुम्ही? हात न धरता! अहो, आजवर एक पाऊल टाकलं नव्हतं हिनं!”

“तू टाकू दिलं होतंस?” चाचा म्हणाले. “आधी फोटो दाखव.”

तिनं पडद्यावरचा फोटो मोठा केला. पापण्यांचे केस सुटे सुटे दिसत होते. एका केसावर धुळीचा कण होता. आणि डोळ्याच्या काळ्या बुबुळात एक इवलीशी बाई बसलेली होती, दोन्ही हात तोंडासमोर धरून.

चाचांनी बराच वेळ बघितलं. बोटानं केस मोजायलाही लागले. अकरापर्यंत आले आणि विसरले.

मग त्यांनी सदऱ्याच्या टोकानं भिंगावरची लाळ पुसली, त्याचं जुनं झाकण खिशातून काढलं, आणि तृप्तीच्या तळहातावर ठेवलं.

तृप्तीनं ते मुठीत घट्ट धरलं. डोळे भरून आले होते, तरी सवय कुठली जाणार? लगेच पुढची काळजी उभी राहिली.

“पण चाचा, एवढ्या धावपळीत एकच धड आला. उद्या कसं व्हायचं?”

“उद्याचं बाळ केवढं?”

“बारा दिवसांचं. पाळण्यातच असणार.” बोलता बोलता तिचा चेहरा खुलला. “म्हणजे सोपंच की! ते कुठं पळतंय?”

“बाळ सोपं,” चाचा म्हणाले. “आई अवघड.”

“कुणाची आई?”

चाचांनी झाडू उचलला. पाराभोवतीचा पाला गोळा करायला लागले. दोन-तीन फटकारे मारले. तृप्ती जुईला घेऊन स्कूटरकडं निघाली, तशी पाठीमागून हाक आली.

“उद्या त्या बाळाच्या आईला माझा एक निरोप दे.”

“काय सांगू?”

चाचा झाडूवर रेलले.

“म्हणावं, पोर लांब जात नसतं गं. येत असतं. आणि तिला म्हणावं, एवढं पुढच्या आईला सांग.”